दुपारची मतं

चिखलीत हळदीच्या कार्यक्रमाला सुवर्णाला बोलावतात तेव्हा पत्रिकेत तिच्या नावाआधी ‘टीव्ही फेम’ छापतात. तेरा वर्षं झाली, छापतातच. ती साउंडवाल्याशी हुज्जत घालते, लोकांनी मागितलेली सिनेमाची गाणी म्हणते, आणि जेवणाची ताटं वाजू लागली की माईक खाली ठेवते. घरी आली की नवरा विचारतो, “कसं झालं?” ती म्हणते, “झालं.” प्रसेनजित वायरमन आहे. सासू त्याला गमतीनं म्हणते, “आमच्याकडची लाइट लई जाये, म्हणून वायरमनच जावई केला.” या विनोदावर सुवर्णा कधी हसत नाही. काऊन हसत नाही, हे सासूला, म्हणजे सुवर्णाच्या मायला, सिंधूताईला आजवर उमगलेलं नाही.

सुवर्णाचे वडील जानराव अमडापूरच्या गायन पार्टीत पेटी वाजवत. विहारात वंदना झाली की पार्टी बसायची, आणि आठ वर्षांची सुवर्णा पहिल्या ओळीत. चूक काढायला मात्र माय. सिंधूताईला सा की रे ठाऊक नाही, पण भाकरी थापता थापता ती आतून ओरडायची, “ते वरचं घसरलं वं! पुन्हा म्हण!” आणि वरचं खरंच घसरलेलं असायचं.

एकोणिसाव्या वर्षी सुवर्णा मुंबईच्या गाण्याच्या स्पर्धेत निवडली गेली. निवेदकाला तिचं ‘मले’ फार आवडलं. “पुन्हा म्हण ना, काय म्हणालीस?” असं तो दर भागात विचारायचा आणि लोक हसायचे. तिसऱ्या आठवड्यापासून ती ‘मला’ म्हणू लागली, तर निर्मात्याचा माणूस म्हणाला, “नको, तेच राहू दे.” गाताना मात्र कोणी हसत नसे. पहिले चार आठवडे परीक्षकांचे गुण होते, ते तिनं काढले. पाचव्यापासून लोकांची मतं सुरू झाली, मेसेजनं.

कार्यक्रम रात्री नऊला, आणि त्या वर्षी अमडापूरची लाइट साडेआठलाच जायची. गफ्फारभाईचं मोबाइलचं दुकान होतं. तो सिंधूताईला म्हणाला, “भाभी, काय टेन्शन घेता? नंबर मले ठाऊक आहे. नऊ वाजले की साऱ्यांचे मोबाइल आणा, मी दणादण मेसेज मारतो. लाइट गेली त गेली.”

“म्हंजे गाणं न ऐकताच?”

“सुवर्णाच त आहे भाभी. ऐकाचं काय त्यात?”

“भीक मागून राह्यले का मी?” सिंधूताई म्हणाली. “ऐका, मंग द्या. नाही आवडलं त नका देऊ. दुपारी एक वाजता तोच कार्यक्रम पुन्हा दाखवतात. तवा लाइट असते. तवाच सारे पाहू आन् मंग मत देऊ.”

आणि तसंच झालं. ती तीनशे घरं फिरली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता शेतातली माणसं बांधावरून परत आली, शाळेच्या मास्तरनं मोठी सुट्टी लांबवली. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि पडद्याखाली फिरणाऱ्या नंबरावर गावानं बाराशे मेसेज पाठवले. प्रत्येक मोबाइलवर ‘धन्यवाद’ असं उत्तर आलं. सिंधूताईनं आपल्या मोबाइलवरचं उत्तर महिनाभर पुसू दिलं नाही.

मतदान सकाळी आठलाच बंद झालं होतं.

हे सुवर्णाला कळलं ते स्पर्धेतून बाहेर पडल्यावर, बॅग भरताना. पूनम नावाची मुलगी स्पर्धकांची व्यवस्था बघायची. ती दार लोटून म्हणाली, “सांगू नये, पण सांगते. तू दोनशे मतांनी राहिलीस. तुझ्या गावाकडून बाराशे आलीत, पण दुसऱ्या दिवशी दुपारी. ती धरत नाहीत गं.”

सुवर्णा घरी आली तेव्हा फाट्यावर बँड उभा होता. माय पुढे झाली, तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडत म्हणाली, “कमी पडलो आपण. पण साऱ्यायनं ऐकून मत देल्लं बरं, एकबी फुकट नाही.” ती मतं धरलीच नव्हती, हे सुवर्णानं तिला सांगितलं नाही. जानराव पाच वर्षांपूर्वी गेले, त्यांनाही तिनं सांगितलं नाही. प्रसेनजितला एकदा सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे तू हरलीच नाहीस.” हे वाक्य तिनं जपून ठेवलं. हळदीच्या मांडवात ताटं वाजू लागली की ती ते मनातल्या मनात काढून बघायची. पोरींच्या गाण्याच्या शिकवणीत एखादी चुकीचा सूर लावायची आणि हिला समोर मुंबईच्या मंचावरचा तो उजेड दिसायचा, पायाखालची काळी काचेसारखी फरशी दिसायची. सहावा आठवडा कसा असतो, कोण जाणे. मायवर ती उगाच चिडायची, भाजीत मीठ जास्त म्हणून, नाहीतर फोन मोठ्यानं बोलते म्हणून.

या दिवाळीआधी मुंबईहून फोन आला. जुन्या सहा स्पर्धकांचा एक खास भाग होणार होता. ज्याला जास्त मतं, तो नव्या पर्वात. चित्रीकरण करून सुवर्णा रविवारी अमडापूरला गेली. भाग दुसऱ्या दिवशी दाखवणार होते.

सिंधूताई परातीत कणीक मळत होती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसरा राहिला होता. “मी गफ्फारले सांगून ठेवलं,” ती म्हणाली. “त्याच्या दुकानापुढं मोठा पडदा लावतो म्हणे. मंगळवारी दुपारी एक वाजता, मागच्यावानीच.”

“माय, दुपारी नको. सोमवारी रातीच पाहा. आता लाइट कुठं जाते?”

“बाया सोयाबीनच्या सोंगणीहून येतात, सैपाक करतात, झोपतात. दुपारीच बरं. मागं कसं जमलं होतं!”

“आता ॲप असते. सकाळी आठ वाजता मतदान बंद होते.”

सिंधूताईचा हात परातीत थांबला. “मंग तवा बंद नव्हतं होत?”

चुलीवर डाळ उतू चालली होती. सुवर्णानं उठून झाकण काढलं. मायची पाठ बारीक झाली होती, ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. हीच बाई उन्हातान्हात तीनशे घरं फिरली होती.

“तवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत असे,” सुवर्णा म्हणाली. “तुमची सारी पोचली होती, माय. धन्यवाद नव्हतं आलं का?”

“आलं होतं न. साऱ्यायले आलं होतं.”

“मंग?”

“पोचली आन् तरी कमी पडली,” सिंधूताई म्हणाली आणि पुन्हा मळू लागली. “बाकीची पोरं चांगली गायली असतीन.”

“हो,” सुवर्णा म्हणाली. “चांगली गायली.”

इतक्या वर्षांचं ते जपलेलं वाक्य गेलं. आता ती हरली होती, नीट हरली होती, सगळ्या गावाची मतं धरून. डाळीवरचा फेस तिनं चमच्यानं काढला.

“मंग रातीच सांगते साऱ्यायले,” माय म्हणाली. “पण नऊ वाजता माहा डोळा लागला त? न ऐकता मी मत देणार नाही, तू असली तरी. आताच म्हण, तिथं म्हटलं तेच.”

“आता? कणकीच्या हातानं ऐकतं का?”

“कान का कणकीनं भरले?”

सुवर्णा चुलीजवळ पाटावर बसली आणि गायली. पेटी नाही, उजेड नाही. मायचे डोळे मिटलेले, दोन बोटं परातीच्या काठावर हलत होती. दुसऱ्या कडव्यात बोटं थांबली.

“श्वास तुटला वं तिथं,” सिंधूताई म्हणाली. “मुंबईतबी तुटला का?”

“तुटला.”

“पुन्हा म्हण.”

सुवर्णानं पदर खोचला आणि दुसऱ्या कडव्यापासून पुन्हा सुरुवात केली.