खालाला दिसलेला पानमळा

आधीच सांगतो, भूतखेत आणि अंगारे-धुपारे यांच्याशी आपला छत्तीसचा आकडा. मी नांदगाव पेठेच्या कापड गिरणीत लूम फिटर आहे. मशीन बंद पडली तर वायर तुटलेली असते, नाहीतर पट्टा. तिला नजर लागत नाही... एवढंच माझं तत्त्वज्ञान.

आमचं गाव अंजनगावकडचं. विड्याच्या पानांचा मळा होता. विहिरीचं पाणी आटत गेलं, वेल वाळले, मळा मोडून तिथं सोयाबीन आलं. पाठोपाठ माय गेली. त्यानंतर माझ्या आतलंच काहीतरी बंद पडलं. ताट समोर आलं की घास नको वाटायचा. जगायचाच कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू? गोळ्यांनी भागेना, तेव्हा बायकोनं अमरावतीच्या एका दवाखान्यात चुंबकाच्या उपचाराला नेऊन बसवलं.

खुर्चीत रेलायचं, डॉक्टर डोक्याला चुंबकाची कॉइल टेकवतात, टक-टक-टक... आपण जागेच असतो. पहिल्या दिवशी चुंबकाचा जोर किती ठेवायचा ते मोजताना माझा अंगठा आपोआप उडाला. तेव्हा मात्र फिटर चाट पडला!

माझ्या आधी त्याच खुर्चीत अकोल्याची एक खाला बसायची. नवरा गेल्यापासून तिनं बोलणंच टाकलं होतं, म्हणून लेक तिला घेऊन यायची. आमची ओळख मान हलवण्यापुरती.

काही दिवसांनी टक-टक सुरू झाली की मला एक अंगण दिसू लागलं. कोवळं ऊन, एक दाढीवाला म्हातारा कापूस पिंजत बसलेला, हवेत कापसाचे तंतू तरंगताहेत... मलाही वजन नसल्यासारखं वाटायचं. एकदा त्यानं मान वर करून विचारलं, "चाय में अद्रक डाली क्या?"

डॉक्टरांना सांगितलं नाही. म्हटलं, आधीच डोक्याचा पेशंट, त्यात हे!

मग एक दिवस बाहेरच्या बाकड्यावर त्या अबोल खालानंच मला गाठलं.

"बेटा, तुमच्या घरी पानाचा मळा हाय का?"

मी गार. दवाखान्यात मी हे कोणालाच बोललो नव्हतो.

"मले रोज दिसून राहिला. थंडी सावली, हिरवा हिरवा उजेड... काल मी चपला घालूनच आत चालली होती, तं एक बाई वरडली, 'पायतन बाहेर काढा!'"

पानमळ्यात आम्ही चपला घालून जात नाही, आमच्यासाठी तो देवघरासारखा. हे अकोल्याच्या खालाला कोण सांगणार?

"कशी होती बाई?"

"बुटकी. काखेत टोपली. म्हने, 'पोरगा जेवला काय?'"

मला रडू कोसळलं. रागही आला. परक्या बाईला दिसते, मग माझ्यापुढं काहून येत नाही माय?

डोळे पुसून मी तिला अद्रकवाला म्हातारा सांगितला. खालानं ओढणी तोंडाशी धरली. "माहे मियाँ पिंजारी होते, बेटा. ते गेले तवापासून मी चहाच नाई केला."

त्या दिवशी घरी मी स्वतः ताट मागून जेवलो. बायको बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी खाला आत निघाली तेव्हा म्हटलं, "भेटली तं सांगजा, पोरगा जेवला म्हणून."

"अन् तू त्याईले सांगजो, आज चहात अद्रक डालून आली."

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. "सांगतलं, बेटा. हसली."

मग मी बसलो. टक-टक-टक... त्या दिवशी काहीच दिसलं नाही. समोर पांढरी भिंत, वर पंखा. कापसाचा एक तंतूसुद्धा नाही.

बाहेर आलो तर खाला दाराकडे डोळे लावून बसलेली. लेक पिशवी घेऊन उभी होती, तरी ती हलली नव्हती.

"सांगितलं, खाला," मी म्हणालो. "हसले."

शब्द तोंडातून गेला आणि मनात चर्र झालं... तिनंही असंच केलं असेल का? मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. विचारलं नाही. तिनंही मला काही विचारलं नाही.

चुंबकानं चित्रं इकडून तिकडे जात नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. मलाही पटतं. मग ते पायतन? ती टोपली? ते अद्रक?

पण कोणी विचारलंच, तर सांगा. आज जेवलोय.