अडेल्फोस आणि अर्जुनीची भाऊबीज

भावासाठी ग्रीक भाषेत ‘अडेल्फोस’ हा शब्द आहे. मूळ अर्थ, एकाच गर्भातला. नागपूरच्या कॉलेजात मी तो शिकवत असताना एका मुलीने विचारलं, “मग बाप एक आणि आया दोन असतील तर?” मी सांगितलं की आपल्या ‘भ्राता’चा सख्खा शब्द ‘फ्रातेर’ ग्रीकांकडेही होता, पण पुढे त्याचा अर्थ बिरादरीतला माणूस एवढाच उरला. वर्गाचं समाधान झालं, माझं झालं नाही. माझा सावत्र भाऊ दौलत, वडिलांच्या पहिल्या बायकोचा मुलगा, अर्जुनी मोरगावजवळ वडिलांची भातशेती करत होता आणि मी त्याला एकदाच पाहिलं होतं, वडिलांच्या तेराव्याला. दाराशी उभा राहून तो न जेवताच परत गेला होता.

भाऊबीजेला त्याच्याकडे जाते म्हटल्यावर आई म्हणाली, “मुलींना बापाच्या जमिनीत वाटा देणारा कायदा नुकताच झालाय. त्यासाठीच आलीस असं वाटेल त्यांना.”

“मी गेल्याशिवाय दुसरं काही वाटणार कसं?”

नागपूरहून गोंदियापर्यंत मोठी गाडी. तिथे एका मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि सकाळी अर्जुनीची छोटी गाडी धरली. तिकीट स्वस्त, डबे लाकडी बाकांचे. खायचं सोबत घ्या, वाटेत चहाशिवाय भरवसा नाही. फलाटावरचा चहावाला म्हणाला, “बाई, खिड़की मत लेना, कोयला आँख में जाता है.” मी खिडकीच घेतली. पिवळी पडत चाललेली धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेली शेतं, मध्येच तलाव, मग सागाचं जंगल. डोळे चोळत का होईना, हे बघायलाच हवं.

अर्जुनीहून बैलगाडीने गावात पोचले तर मंडई भरलेली होती. भाऊबीजेपासून इकडे गावोगाव अशी जत्रा भरते आणि भर दुपारी दंडार होते. मोकळ्या जागेत गोल करून पुरुष नाचतात, गातात, बायकांची सोंगंही तेच घेतात. ‘खोरोस’ म्हणजे मिळून नाचणारा-गाणारा मेळा, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. इथे तो धूळ उडवत समोर नाचत होता. त्यात लुगडं नेसलेल्या, तोंडाला रंग फासलेल्या एका बाईचं नाक हुबेहूब माझ्या वडिलांचं होतं.

नाच थांबल्यावर लुगड्यातला दौलत सरळ माझ्याकडे आला.

“काऊन आलीस वो?”

“ओवाळायला.”

“अन् वाटा?”

“तो मागायचा असता तर वकिलाला पाठवलं असतं. मी कशाला कोळसा खात आले असते?”

तो हसला नाही, पण घरी घेऊन गेला. ओसरीवर त्याची आई, म्हणजे माझी मोठी आई, सुपात धान पाखडत होती. मी बाहेरच थांबले. परका आणि पाहुणा या दोघांना ग्रीक माणूस एकच शब्द वापरतो, झेनोस. दोन्हींपैकी मी कोण, हे आता या बाईच्या हातात होतं.

“मा, नागपूरची आली,” दौलत म्हणाला. “वाटा नोको म्हनते. खरं का खोटं, देव जाने.”

मोठ्या आईने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. “सणाच्या दिवशी पोरगी दारात उभी हाये अन् तू जमिनीचं काढून राहिला? बस पाटावर.”

“लुगडं सोडून येतो. अजून एक वग बाकी हाये.”

“तसाच बस.”

रंग फासलेल्या, लुगड्यातल्या भावाला मी ओवाळलं. कुंकू रंगात मिसळलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. ते उघडले तेव्हा काजळ ओघळलं होतं. ओवाळणीत त्याने पायलीभर नवा तांदूळ दिला.

निघताना मोठ्या आईने हळूच विचारलं, “शेवटच्या दुखण्यात काय खाऊन राहिले होते ते?”

“तांदळाची पेज. दुसरं काही नको म्हणायचे.”

तिने मान हलवली आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, हा प्रश्नही. ती त्या तांदळातले खडे निवडत राहिली.

“तिच्या हातच्यासारखी पेज लागायची त्यांना. मला कधी जमली नाही,” ती म्हणाली. “पुढच्या दिवाळीला मीही येते. विचारीन तिला.”