तुळसा आणि उरलेली सीट

पोलादपूरजवळच्या कापडे गावातली तुळसा ऐन दिवाळीत स्वतःच्याच घरासमोर पाहुणी होऊन बसली होती. नवऱ्याशी वाजलं म्हणाल, तर छे! सहदेवासारखा गरीब माणूस भांडणार तरी कुणाशी? तिला अडकवलं होतं विमानानं. जे तिनं आभाळात सोडून कधी कुठं पाहिलंही नव्हतं.

झालं असं, की लेक सेजल बंगळूरला, दिवस भरत आलेले. पहिलटकरणीनं माहेरी यायचं ही रीत. पण डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. सासू हयात नाही, जावई यशराज दिवस दिवस कामावर. तेव्हा आईनंच जायचं ठरलं. त्यात थोरला अक्षय मुंबईला विमान कंपनीत कायम झालेला. ही कंपनी कामगाराच्या आईबापाला फुकट नेते, पण अट अशी, की तिकीटवाले सगळे बसून सीट उरली तरच.

"आये, तू विमानानंच जायचं," अक्षयनं फोनवर ठणकावलं. "उगाच का मी तिथं राबतोय?"

पोराची हौस बघून तुळसाचा ऊर भरून आला. सहदेवानं तर गावभर केलं.

एका सकाळी अक्षयचा फोन आला, अकरा सीटा रिकाम्या हायत, निघ. वाडीतल्या भिकाजी म्हाताऱ्यानं देवापुढं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, लेकीच्या सुटकेला निघालीय, सुखरूप पोचव." तुळसानं उंबरा ओलांडला, फाट्यावर येऊन मुंबईच्या एसटीची वाट बघत उभी राहिली, आणि परत फोन. "आये, नको येवस. भरल्या."

आता आली का पंचाईत! गाऱ्हाणं घालून निघालेल्या माणसानं काम झाल्याशिवाय घराचा उंबरा चढायचा नाही, अशी त्यांच्या वाडीची पद्धत. बाळंतपणाला निघालेल्या बाईनं तर नाहीच नाही. समोरच्या घरातल्या रूपालीनं तिच्या हातातली पिशवी घेतली. "काकी, आमच्याकडं ऱ्हावा. दोन रोजाचा तर प्रश्न हाय."

त्या दोन रोजांना शेपूट फुटलं. रूपाली रोज अक्षयला फोन लावायची. सकाळी नऊ सीटा, दुपारी चार, संध्याकाळी बोंब. दिवाळीची सुट्टी, अख्खी दुनिया विमानात बसायला निघालेली. वाडीला तर चाळाच लागला. भात कापायला निघालेल्या बायका बांधावरून ओरडायच्या, "काकी, किती सीटा?" पहिले दोन दिवस तुळसा हसून सांगायची. मग बायका दिसल्या की ती आत जाऊन बसायला लागली.

समोर तिचं घर. सहदेव चुलीपुढं खोकतोय ते इथून ऐकू यायचं. "अगो, कालवणात मीठ किती?" तो ओट्यावरून विचारायचा, ही इकडच्या पडवीतून सांगायची. तरी कालवण खारट व्हायचं ते व्हायचंच. स्वतःच्या दारात पणती लावायलासुद्धा तिला रूपालीला धाडावं लागलं.

आणि एक दिवस भलतंच झालं. भात झोडता झोडता तिच्या तोंडून निघून गेलं, "पडू दे कुणीतरी आजारी. चार जणांचं तरी जाणं रद्द होऊ दे." म्हणाली आणि स्वतःच दचकली. तिनं चटाचटा गालात मारून घेतल्या. लेकीसाठी आपण दुसऱ्याच्या लेकरांचं वाईट चिंतायला लागलो? तिला तिथंच रडू कोसळलं.

"काकी, एसटीनं जावा की," रूपाली म्हणाली. "साताऱ्याहून बंगळूरच्या गाड्या हायत."

"आणि अक्षयला काय वाटंल गो? येवढी एकच हौस हाय त्याची."

तुळसाचा जन्मच असा गेला. सासऱ्यांनी नांगरामागं चल म्हटलं, चालली. सासूनं यंदा माहेरी नको म्हटलं, नाही गेली. गुणाची सून म्हणून नाव झालं, आणि त्या नावानंच तिला दावणीला बांधून टाकलं. आता सासूसासरे नव्हते. पण सवय लागली की दावं कशाला लागतं?

दुसऱ्या दिवशी सेजलचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग हळूच म्हणाली, "आये, दादाला काय बोलू नको. पण मला लय भ्या वाटतंय गो."

बस्स. तुळसा उठली, पिशवी उचलली आणि आपल्या अंगणाच्या कडेला उभी राहून ओरडली, "अवो, मी निघाले!"

सहदेव लगबगीनं बाहेर आला. "मिळाली सीट?"

"बघते आता माझी मीच!"

पोलादपूरला साताऱ्याची एसटी लागलेलीच होती. खिडकी नाही मिळाली, मागं इंजिनाच्या धुराचा वास, पण टेकायला जागा मिळाली. गाडी घाटाला लागली आणि फोन वाजला. अक्षय. त्यानं आकडा सांगितला तर आपण मुकाट्यानं उतरू, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं फोन लुगड्यांच्या खाली पिशवीच्या तळाशी कोंबला आणि पिशवी मांडीवर दाबून धरली.

दुसऱ्या दिवशी बंगळूरच्या दवाखान्यात सेजलला कळा सुरू झाल्या, तेव्हा तुळसा तिची कंबर चोळत होती. परत फोन.

"आये, आज बावीस रिकाम्या! हायस कुठं तू?"

"सेजलजवळ."

अक्षयचा आवाज पडला. "एसटीनं गेलीस? मी इथं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं गो, माझी आये येणार म्हणून."

अशा वेळी तुळसा आजवर नमतंच घेत आली होती. चुकलं रे बाबा, हे शब्द ओठांवर आले, तेवढ्यात सेजलनं कण्हत तिचं मनगट घट्ट धरलं.

"ऐक माझं," तुळसा म्हणाली. "तुझ्या रिकाम्या सीटा तुझ्या बाबाला बघ. बारशाला येऊ दे त्याला. त्याला घाई नाय."