सुभेदारांच्या तालमीतलं जग

साताऱ्यातले आमचे शेजारी रिटायर सुभेदार आहेत. त्यांच्या मते कराटे, कुंगफू, ज्यूदो, सगळं आपल्याच तालमीतून बाहेर गेलं. "आवं, त्यांच्याकडं लाल माती न्हाई, म्हणून गाद्या टाकल्या," असं ते मिशीला पीळ देत सांगतात.

परवा नातीची ज्यूदोची मॅच बघायला त्यांनी मलाही नेलं. खिशातून आणलेली तालमीची चिमूटभर माती तिच्या कपाळाला लावली. समोर पलूसची पोरगी होती. नातीनं तिला जरा रेटलं, की सुभेदार माझा गुडघा दाबत म्हणायचे, "बघा, आपलाच डाव."

तेवढ्यात पलूसकरणीनं नातीला पाठीवर घेऊन दाणकन आपटलं. मलासुद्धा ओळखू आला, अस्सल धोबीपछाड.

सुभेदारांनी मिशी चाचपली. मग हळूच म्हणाले, "ह्यो मातर जपानचा."