कानाच्या दवाखान्यात वाचलेली गोष्ट

वडिलांचे कान दाखवायला मी गेले होते. समोरच्या बाकावर एक आई आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होती. सशासाठी बारीक आवाज, अस्वलासाठी घोगरा. मुलगी तिच्या तोंडाकडे एकटक बघत खुदुखुदु हसत होती.

"छान वाचता हो," मी म्हटलं.

"तिला ऐकू येत नाही आता. तापात गेलं. मशीनचाही उपयोग नाही म्हणाले डॉक्टर."

गोष्ट वाचताना आपण मुलांजवळ आपला आवाजच ठेवून देत असतो, असं मला नेहमी वाटायचं. या मुलीच्या मनात आईचा आवाज अजून असेल. पण तो किती दिवस राहील, हे कुणाला विचारायचं?

"ताई, जरा हळू," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

आई ओशाळली. तिने पान उलटलं, तर पुढे वाघ होता. डोळे वटारून, जबडा वासून तिने डरकाळी फोडली, पण आवाज न काढता.

मुलगी मघाइतकीच हसली.

आई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग उरलेलं पुस्तक तिने नुसते ओठ हलवत वाचलं.