रास हलण्याआधी

आश्रुबा सुतार मागणारा माणूस नव्हता. राणीसावरगावला त्याच्या बापाचं बलुतं होतं. सुगीला बाप खळ्याच्या कडेला जाऊन उभा राहायचा, तोंड मिटून. पहिल्या मापाला 'एक'ऐवजी 'लाभ' म्हटलं की मालक मान वर करून बघायचा, कोण कोण उभं आहे. रास हलण्याआधी उभ्या माणसाच्या उपरण्यात जोंधळे पडायचे. मागितलं तर बापाची अब्रू गेली असती. न दिलं तर मालकाची.

बाप गेला, गावातलं काम आटलं. आश्रुबा बायकोला, चतुराबाईला, घेऊन पूर्णेच्या कापसाच्या जिनात आला. तो रुईच्या गाठींना लोखंडी पट्ट्या आवळायचा. चतुराबाई आत बसून मशीनच्या तोंडी कापूस घालायची. जीन विलायतेतल्या एका कंपनीचं होतं. ती कंपनी पूर्णेत कुणी पाहिली नव्हती.

आतला धुरळा ओढून बाहेर टाकणारा पंखा मोडून दोन हंगाम झाले होते. भर दुपारी आत दिवे लावावे लागत. बाया बाहेर यायच्या त्या पांढऱ्या पापण्यांनी. चतुराबाईच्या छातीत सरकी खुळखुळावी तसा आवाज यायला लागला. डॉक्टर म्हणाला, "हिला धुळीतून काढ, नाहीतर धूळ काढ." तिच्या रोजावर अर्धं घर उभं होतं. आश्रुबानं पंखा उघडून पाहिला. वाकलेली पाती तो स्वतः ठोकून सरळ करणार होता. मधला दांडा तेवढा नवा हवा होता. दीडशे रुपयांचा, मुंबईहून यायचा.

"साहेबाला मागा," चतुराबाई म्हणाली.

"मागायचं नसतं. नफा धाडायच्या दिवशी जाऊन उभा ऱ्हातो. समजतंय मानसाला."

"आवं, साहेब मद्रासकडला. त्येला कुठलं आलंय खळं? देवानं तोंड काय नुसतं पान खायाला दिलंय का तुमाला?"

आश्रुबा हसला. ती हसायला गेली आणि खोकत बसली.

होळीनंतर हंगाम संपला. नफा निघायच्या दिवशी आश्रुबा धुतलेलं उपरणं घेऊन कचेरीच्या दारात उभा राहिला. आत साहेब कागदांवर सह्या करत होता. मुनीम बन्सीधर एकेक कागद पुढे सरकवत होता. साहेबानं मध्येच इंग्रजीत काहीतरी विचारलं. बन्सीधरनं मान हलवली. पुन्हा सह्या सुरू झाल्या. दुपार झाली तेव्हा साहेबाची नजर दाराकडे गेली.

"क्या मंगता?"

आश्रुबाच्या घशात दांडा हा शब्द आला होता. त्यानं तो गिळला. "काई न्हाई, साहेब. उभा हाय."

साहेबाला वाटलं, हा हमाल. त्यानं कोपऱ्यातल्या थैलीकडे बोट केलं. आश्रुबानं ती खांद्यावर घेतली. सरकीच्या विक्रीचे निजामाचे हाली रुपये होते, लोढण्यासारखे जड. बन्सीधरबरोबर तो परभणीच्या गाडीत बसला.

"हे कुठं चाललंय, मुनीमजी?"

"परभणीच्या बँकेत. तिथं हालीचे इंग्रजी कलदार होतील. मग मुंबई. मुंबईच्या मोठ्या बँकेची परवानगी आलीय, तिथून पौंड होऊन विलायतेला. मालकांना वाटून."

"किती हायेत मालक?"

"असतील दोन-तीनशे. एखादी म्हातारी असेल, एखादा पाद्री. कंपनीच्या हिश्शाचे कागद घेऊन ठेवलेत त्यांनी. पूर्णा दाखव म्हटलं तर नकाशात सापडायची नाही त्यांना."

"मंजी खळ्यावर न येता वाटा."

"वाटा त्यांचाच, बाबा. तुझा रोज चुकता झाला, संपलं." बन्सीधरनं तंबाखू मळली. "पण तू सकाळधरनं उभा कशाला होतास रे?"

आश्रुबानं सांगितलं. बापाचं, खळ्याचं, दांड्याचं. बन्सीधरचा हात थांबला.

"अरे येड्या! दोनशेपर्यंतची दुरुस्ती साहेब आपल्या सहीनं करतो. हिशोब बंद करायच्या आधी मला विचारलं त्यानं, काही दुरुस्ती राहिली का म्हणून. मी नाही म्हटलं. तू तिथंच तर होतास!"

"इंग्रजीत इचारलं त्येनी."

"हां," बन्सीधर म्हणाला. "इंग्रजीत." मळलेली तंबाखू त्यानं खिडकीबाहेर झटकून टाकली. "आता पुढच्या साली."

परभणीला आश्रुबानं थैली उतरवली. खांद्यावर वळ उठला होता. हमालीचे चार आणे मिळाले.

घरी चतुराबाई उंबऱ्यात बसून होती. "मागितलं?"

"मागितलं."

"मंग?"

"न्हाई म्हनले."

"असू द्या," ती म्हणाली. "तुमी मागितलं, हेच लय झालं." आणि तिनं त्याला स्वतःच्या हातानं पाणी दिलं. ते पाणी त्याला उतरेना.

श्रावणात ती गेली.

खंडेनवमीला मशीनला शेंदूर लागला, नारळ फुटला. आश्रुबा साहेबापुढे गेला आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाला, "पंख्याला दांडा पायजे." पंधरा दिवसांत दांडा आला. त्यानं एकट्यानं तो बसवला. पंखा फिरायला लागला आणि आत हळूहळू पलीकडची भिंत दिसायला लागली. चतुराबाईच्या जागेवर तानुबाई नावाची नवी बाई बसली होती. तिच्या पापण्या काळ्याच होत्या.

"काय बघायलाय, दादा?" तिनं विचारलं.

आश्रुबा पाना उचलून गाठींकडे गेला.