घरी न सांगितलेली पाणबुडी

माझे यजमान नौदलात पाणबुडीवर होते. सगळ्या संसारात मला त्यांच्या नोकरीबद्दल एवढीच माहिती मिळाली. कुठे होतात, असं विचारलं की "समुद्रात." काय केलंत? "काम." आणखी खोदलं तर, "अगं, गुप्त असतं ते." मी साताऱ्याची. लग्न होऊन चेन्नईच्या नुंगंबाक्कममधल्या तंजावरी मराठी घरात आले. तिथे सांबार वाढतानाही चौघं एकदम बोलायची, अर्धं मराठीत, अर्धं तमिळमध्ये. अशा घरात हा अबोल मुलगा निपजला कसा, याचं मला नवल वाटायचं. म्हणूनच नौदलाने निवडला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

निवृत्तीनंतर हे चेन्नईजवळच्या कोवलमच्या रस्त्यावरच्या एका छोट्या संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. मोडीत काढलेल्या पाणबुडीचे काही भाग तिथे जपून ठेवलेत: पेरिस्कोप, झोपायच्या अरुंद फळ्या, झडपांची चाकं, पितळी तबकड्या. खारा वारा हे सगळं खायला टपलेला, आणि ते वाचवायला आम्ही गुडघे दुखणारी माणसं. घरी ज्यांनी कधी ताट उचललं नाही, ते तिथे पितळ घासतात, हे बघायलाच मी पहिल्यांदा गेले. मग माझ्याही हातात फडकं आलं.

या सगळ्याचा आधारस्तंभ म्हणजे एक दंतवैद्य. त्यांनी जन्मात पाण्याखालची पाणबुडी पाहिलेली नाही, कोवलमच्या मासेमारी होडीतही त्यांना मळमळतं. पण पाणबुडीबद्दल त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट बहुधा घडलेलीच नसते. दात साफ करायच्या बारीक आकड्यांनी ते तबकड्यांच्या कोरीव अक्षरांतला जुना रंग काढतात, आणि सवयीने त्या तबकडीला बजावतात, "थोडं दुखेल."

एका सकाळी शाळेची सहल आली. नेहमी माहिती सांगणारे गृहस्थ आजारी होते, म्हणून दंतवैद्यांनी माइक यांच्या हातात दिला. मला मुलांचीच दया आली. आता दोन शब्दांत यांचं भाषण संपणार!

पण हे तमिळमधून असे काही सुरू झाले की मी पेरिस्कोप पुसायची थांबले. एकदा बुडी मारताना म्हणे एक झडप नीट बसली नाही. पाणी आत येऊ लागलं. पाणबुडी ठरल्यापेक्षा खाली, आणखी खाली जात राहिली, तिचा सांगाडा कुरकुरू लागला. हे आणि आणखी एक खलाशी झडपेच्या चाकाला अक्षरशः लोंबकळले. शेवटी ते फिरलं, टाक्यांत दाबाची हवा सोडली, तेव्हा कुठे पाणबुडी वर आली.

"आणि पुढच्याच आठवड्यात मी मुलीच्या बारशाला घरी पोचलो," यांनी हसत सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

ते बारसं मला चांगलं आठवत होतं. प्रवास कसा झाला, असं मी विचारलं होतं. "बरा. जेवण जरा आळणी होतं," हे म्हणाले होते.

मी हात वर केला. "सर, हे तुम्ही घरी सांगितलंत?"

यांनी माइक दंतवैद्यांच्या हातात परत दिला. उत्तर दंतवैद्यांनी दिलं. "मॅडम, पाणबुडीवाल्यांच्या बायकांच्या मनाची तयारी झालेली असते." माझी तयारी कुणी करून घेतली, ते त्यांनाच ठाऊक.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. मग विचारलं, "अहो, परक्या मुलांना सांगितलंत. मला का नाही?"

"ती मुलं माझी वाट बघत बसणार नव्हती," हे म्हणाले. "तू एकदा जरी 'नका जाऊ' म्हणाली असतीस ना, तर मी गेलो नसतो."

"मग काय केलं असतंत?"

"बँकेत लागलो असतो. अण्णांसारखा."

रागातही मला हसू आलं. सासरे बँकेतून रोज साडेपाचला घरी यायचे आणि झोपेपर्यंत बोलायचे.

पुढे दंतवैद्यांच्या मनात आलं की कुटुंबांच्या आठवणीही वारसाच आहेत, त्याही जपायला हव्यात. पितळ घासता घासता मीही वारशात जमा झाले. पुढच्या सहलीला माइक माझ्याकडे आला. मी मुलांना सांगितलं, की आमचे सर चाकाला लोंबकळत होते, त्याच दिवसांत त्यांच्या तान्ह्या मुलीला कावीळ होऊन दवाखान्यात ठेवलं होतं. सासूबाई आणि मी आळीपाळीने तिच्याजवळ बसायचो. बंदराला लागल्यावर यांचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, सगळं छान आहे. घरातल्या एवढ्या बोलक्या माणसांनाही मी तोंड उघडू दिलं नव्हतं.

हे मुलांच्या मागे फडकं घेऊन उभे होते. माझं बोलणं संपल्यावर जवळ आले.

"कावीळ?"

"हो."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही तिथून काय करणार होतात?"

हे बाहेर गेले. परत आले ते दोन चहा घेऊन. पायरीवर माझ्या शेजारी बसले. "फार पिवळी पडली होती का?" त्यांनी विचारलं. मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आत मुलांची दुसरी तुकडी आली होती, दंतवैद्य माइक हातात धरून आम्हा दोघांना हाका मारत होते. आम्ही काही उठलो नाही.